तपकिरी पायऱ्यांचा मळ

मुक्काम मॉन्ट्रियल, लॉर्नाचं घर (जिन्याच्या वरच्या टोकाला)
मार्चअखेर

ती. वन्संबाईंच्या पायांना, सुजलेल्या डाव्या घोट्याला धक्का न लावता, धाकट्या भावजयीचा म्हणजे ब्लाझेनाचा नमस्कार.

इकडे मी आणि लॉर्ना खुशाल आहोत. तिकडे तुमचा घोटा, तुमचे पित्ताचे खडे आणि तुमचा कॅनरी पक्षी यांच्या प्रकृती कशा आहेत ते कळवावं. माझी आधीची दोन पत्रं पोचली असणार, कारण आपला बाल्टिमोरचा पोस्टमन आळशी असला तरी प्रामाणिक आहे. उत्तर नाही, म्हणजे तुमचा राग अजून गेलेला नाही असं मी धरून चालते. राग रास्तच आहे. हे गेल्यावर मुलांनी घर विकायचा घोशा लावला, तेव्हा तुम्ही एकट्याच म्हणाला होतात, "अगं, विकू नकोस. वर्षभर कुलूप लाव, पोरांकडे राहून बघ, मग काय ते ठरव." आणि मी म्हणाले, "तुमचं काय जातंय बोलायला?" आपल्या दोन घरांत मिळून भिंत एकच, तीही जेमतेम विटेभराची, हे त्या वेळी मला आठवायला हवं होतं. माझं सामान निघालं त्या सकाळी सगळी गल्ली निरोप द्यायला बाहेर आली (तो टोकाच्या घरातला क्रेपेलकासुद्धा, पायजम्यात), फक्त तुमचं दार बंद होतं. मी गाडीत बसून हसत हात हलवला खरा, पण नजर तुमच्या दारावरच होती.

तर घर गेलं आणि मला जागा हवी, एवढंच माझं सध्याचं रडगाणं आहे. तिन्ही मुलं तीन शहरांत, आणि तिघंही रो-हाऊसमध्येच राहतात. मला वाटलं, रो-हाऊस म्हणजे रो-हाऊस. दोन्ही अंगांना शेजारी, पुढे पायऱ्या, मागे बोळ, बोळात मांजरं. बाल्टिमोरात राहिलं काय आणि दुसरीकडे काय, सारखंच. वन्सं, या एका समजुतीने माझी जेवढी शोभा झाली तेवढी लग्नातसुद्धा झाली नव्हती (आणि लग्नात मी तुमच्या आत्याबाईंच्या मांडीवर सूप सांडलं होतं).

पहिलं फिलाडेल्फिया, कारण थोरल्याचा मान पहिला. रेमंडने घर घेतलं तेव्हा फोनवर सांगितलं होतं, "आई, आम्ही ट्रिनिटी घेतलंय." मी समजले, ट्रिनिटी नावाच्या चर्चला लागून घर असणार, आणि पोरगा देवाच्या शेजारी राहायला गेला असं सगळ्यांना सांगत सुटले. (तुम्ही तेव्हा विचारलं होतंत, "देवाला कल्पना आहे का?" ते मी मनाला लावून घेतलं नाही.) प्रत्यक्षात ट्रिनिटी म्हणजे एका खोलीवर एक खोली आणि तिच्यावर आणखी एक खोली, असं उभं केलेलं घर. स्वयंपाकघर तळघरात. गल्लीतली माणसं त्या तीन मजल्यांना पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा म्हणतात, तेही अगदी सरळ चेहऱ्याने. चढायला कोपऱ्यात पिळाचा जिना, कपड्यांच्या कपाटात मावेल एवढा. सासूबाईंनी लग्नात दिलेला अक्रोडाचा पलंग त्यातून जाणं शक्यच नव्हतं. शेवटी खिडकीची चौकट काढून तो दोरांनी वर ओढला. तो अर्ध्यात लटकत असताना समोरच्या बाई टोपी काढून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, कोणी गेलं. कसाबसा तो पुत्रापर्यंत चढला आणि तिथेच अडून बसला. म्हणजे पुत्राच्या मजल्यावर आई, आणि पुत्र आपल्या बायकोसह पवित्र आत्म्याच्या मजल्यावर. जिना सरळ माझ्या खोलीतून जायचा. रोज सकाळी सूनबाई कॉनी कॉफीसाठी खाली जाताना माझ्या पलंगाशेजारून चोरपावलांनी जायची. तिला अवघडू नये म्हणून मी झोपेचं सोंग घ्यायची. तिला ते सोंग कळायचं, म्हणून ती आणखी अवघडायची. असं आम्ही दोघींनी नाताळपर्यंत एकमेकींना जपलं. मग रेमंड म्हणाला, "आई, डोरीनकडे जागा मोठी आहे गं." त्याने ते फार मायेने सांगितलं, म्हणून जास्त लागलं. पलंग तिथेच राहिलाय. तो बाहेर काढायचा तर पुन्हा खिडकी काढावी लागेल आणि समोरच्या बाईंना पुन्हा टोपी.

डोरीनचं घर ब्रुकलिनला. तिथे पायऱ्यांना पायऱ्या म्हणायचं नाही, स्टूप म्हणायचं. आणि त्या आपल्यासारख्या दोन-तीन नसतात. जिनाच्या जिना, कठड्यासकट, थेट वरच्या मजल्याच्या दाराला जाऊन भिडतो, जसं काही वर बिशप राहतोय. घर मात्र भव्य. भिंती जाड, छताला नक्षी, आणि माझी खोली एवढी मोठी की चष्मा विसरला तर आणायला निघावं लागे. जावई ग्रेगरी हे त्या गल्लीतल्या जुनी घरं जपायच्या मंडळाचे चिटणीस आहेत. हे मला आधी सांगितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं, असं डोरीन म्हणते. मला नाही तसं वाटत, कारण त्या दिवशी शनिवार होता, आणि थंडी मोडून पहिलंच ऊन पडलं होतं.

शनिवारी बाल्टिमोरची बाई काय करते ते तुम्हाला मी काय सांगणार? स्वतःच्या पायऱ्या घासून झाल्या आणि मला उशीर झालेला दिसला, की तुम्ही माझ्याही घासून ठेवत होतात. (मदत म्हणून नव्हे, गल्लीला दिसावं म्हणून. हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं.) तर मी दार उघडलं आणि पाहते तो पायऱ्या तपकिरी. वरपासून खालपर्यंत, कठड्यासकट. मनात आलं, बिचारी डोरीन, नोकरीतून सवड कुठली मिळायला, कोण जाणे किती वर्षांचा मळ साचलाय. बादली भरली, पावडर घेतली, घासायचा दगड तर माझ्या पिशवीत असतोच, आणि गुडघ्यांखाली उशी घेऊन बसले. खाली आपल्या गल्लीसारखा पांढरा संगमरवर असणार याची मला तिळमात्र शंका नव्हती. पायरीत दुसरं असणार काय? आणि वन्सं, मळ निघतही होता हो. बादलीतलं पाणी कोकोसारखं झालं, मला हुरूप चढला. कुत्रं घेऊन निघालेले एक गृहस्थ थांबले. "आजी, हे काय चाललंय?" मी म्हटलं, "कोणीतरी करायलाच हवं होतं." ते म्हणाले, "ग्रेगरीला ठाऊक आहे?" मी म्हटलं, "आल्यावर बघतीलच की." ते गृहस्थ कुत्र्याला ओढत घाईने निघून गेले. मला वाटलं, स्वतःच्या पायऱ्यांची लाज वाटली असेल.

थोड्या वेळाने पायरीचा कोपरा गोल झाला. मग एक भलामोठा पापुद्रा सुटून माझ्या हातात आला. त्याच्या खाली तपकिरी होतं. त्याच्याही खाली तपकिरीच. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हा दगडच तसा आहे, आरपार तपकिरी, शिळ्या पावासारखा भुसभुशीत, आणि त्या रंगासाठीच लोक या घरांवर जीव टाकतात. ग्रेगरी आले, त्यांनी पाहिलं आणि फुटपाथवरच बसले. ओरडले नाहीत. तो पापुद्रा उचलून जिथला होता तिथे बसतोय का ते हलक्या हाताने बघत राहिले. ते ओरडले असते तर मी रडले असते आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. डोरीन एवढंच म्हणाली, "आई, इथे कोणी पायऱ्या घासत नाही." मी विचारलं, "मग शनिवारी करतात काय?" तर म्हणे, काहीच नाही. त्यानंतर आठवडाभर मंडळाची माणसं येऊन माझी पायरी बघून जात होती, आणि मी आतून त्यांना बघत होते. मग माझी मीच धाकट्या लॉर्नाला फोन लावला.

म्हणून हे मॉन्ट्रियल. इथे घरं ओळीतच, पण संसारावर संसार रचलेले, आणि प्रत्येकाला रस्त्यावरून स्वतःचं दार हवं. त्यामुळे जिना घराबाहेर, लोखंडी, वळणं घेत गेलेला. जिना बाहेर ठेवला की आत जागा वाचते म्हणतात. माणूस वाचतो की नाही ते बांधणाऱ्यांनी बघितलेलं दिसत नाही. मी आले तेव्हा जिना कोरडा होता, गुपचूप चढले. रात्रीत बर्फ पडलं आणि तेव्हापासून मी वरच आहे. खालच्या मजल्यावरच्या तिबोदोबाई रोज येऊन पायऱ्यांवर मीठ टाकतात आणि मला फ्रेंचमध्ये काहीतरी बजावतात; मी आपल्या चेक भाषेत त्यांचे आभार मानते. आमचं दोघींचं उत्तम चाललंय, कारण कोणाचं कोणाला कळत नाही. लॉर्ना दिवसभर शाळेत शिकवते. गुणी पोर आहे, काही बोलत नाही.

परवा दुपारी मी इथल्या भिंतीला कान लावला. वन्सं, काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. आपल्याकडे तुमची किटली शिटी मारायची तेव्हा माझा हात माझ्या कपाकडे जायचा. तुमच्या हातून चमचा पडला तर मोठा की लहान ते मी सांगू शकत होते. जन्मभर मी कुरकुर केली की भिंत पातळ आहे, साधं भांडायचं म्हटलं तरी कुजबुजून भांडावं लागतं. आणि हे गेले त्या दुपारी मी कोणाला हाक मारली नव्हती, सुचलंच नव्हतं. माझ्या घरात नुसती शांतता झाली आणि ती तुम्हाला ऐकू आली. हाताला पीठ तसंच घेऊन तुम्ही मागच्या दाराने आत आलात. भाऊ तुमचा होता, पण तुम्ही आधी मला धरलंत. मी त्याबद्दल कधी एक शब्द बोलले नाही, आणि वर घर विकताना विचारलं, तुमचं काय जातंय. मला फार वाईट वाटतं वन्सं. पायरीचं वाटत नाही तेवढं याचं वाटतं.

असो. लॉर्ना तुम्हाला नमस्कार सांगते. कॅनरीस माझे आशीर्वाद.

तुमची,
ब्लाझेना

ता. क. कळलं की माझ्या घराच्या नव्या मालकांनी पुढचा नकली दगडाचा थर उचकटून मूळ विटा मोकळ्या केल्या. आमच्या ह्यांनी आणि तुमच्या यजमानांनी किती हौसेने तो थर दोन्ही घरांना लावून घेतला होता. विटा कशा दिसतात ते कळवा. मला वाईट वाटणार नाही अशा बेताने लिहा.

आणखी ता. क. तुमची वरची मधली खोली, जिला खिडकी नाही, नुसता छतातून उजेड येतो आणि जिला मी आजवर तुमच्या तोंडावर कोठी म्हणत आले, ती रिकामीच असते ना? सहज विचारते. मला पलंग लागत नाही. मी घोरते, पण ते तुम्हाला भिंतीपलीकडून ठाऊकच आहे.

आणखी एक ता. क., पेन्सिलीने लिहिते, क्षमस्व. पत्र टपालात टाकलं नाही. लॉर्नाने आणि तिबोदोबाईंनी मला जिन्यावरून बसवत बसवत उतरवलं आणि बसमध्ये घातलं. इथे बाल्टिमोरात एप्रिलचं छान ऊन आहे आणि मी तुमच्या पायऱ्यांवर बसलेय. दोनदा दार वाजवून झालं. विटा पाहिल्या, चांगल्या दिसतात, त्याचंच वाईट वाटतं. तुमच्या खिडकीच्या जाळीवर रंगवून घेतलेलं लाल कौलांचं घर आणि दोन राजहंस दिसतायत, बाकी काही नाही. जाळी आपण रंगवून घेतो ती यासाठीच, आतल्याला रस्ता दिसावा आणि रस्त्यावरच्याला आतलं काही दिसू नये. तेव्हा तुम्ही मला बघताय हे मला ठाऊक आहे. पत्र दाराच्या फटीतून आत सरकवते. आत्ता तुमचा रेडिओ बंद झाला, म्हणजे तुम्ही उठलात. कडी काढायला उठला असाल तर हे वाचायची काही गरज नाही. खिडकीची काच ओढून घ्यायला उठला असाल, तर मात्र पहिल्यापासून सगळं वाचा. सावकाश वाचा. मी बसलेय.