कुंभारीण माशी आणि बांधाची तारीख

शेतवस्ती, ता. अंबड
मंगळवार, दुपार

तीर्थस्वरूप आदिनाथ दाजींच्या पायाशी कडूबाचा नमस्कार (कंबर जितकी वाकली तितका).

तुमचा गुडघा कसा आहे? दुर्गाताईचा खोकला बसला का? मंठ्याकडं सोयाबीन बरं आलं म्हणतात, ऐकून आनंद वाटला (आमच्याकडं पाऊस वरच्यावर बघून गेला). फोन न करता पत्र लिहून राह्यलो, कारण फोनवर तुम्ही मधीच रागावता आन माझी गोष्ट अर्धीच राहते. पत्रावर रागावलात तरी मला ऐकू येणार न्हाई.

तर तुमच्या कानावर आलं ते खरं आहे. शेजारच्या भिवावर लावलेला बांधाचा दावा मी मिटवला. सात वर्षं तुम्ही माझ्या बाजूनं साक्ष द्यायला तयार होता, ती तयारी वाया गेली याचं वाईट वाटतं. पण घडलं ते ऐका. या सात वर्षांत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. काही सुनवायचं झालं तर मी माझ्या म्हशीला मोठ्यानं सुनवायचो, आन तो त्याच्या बैलाला सांगून उत्तर द्यायचा. तारखेला एकाच एसटीनं जायचो, तो ड्रायव्हरमागं आन मी पार शेवटी. शेवटच्या सीटवरचे हादरे मी निव्वळ तत्त्वासाठी खाल्ले.

मागच्याच्या मागच्या तारखेला अंबडला कोर्टाच्या व्हरांड्यात पुकाऱ्याची वाट पाहत आम्ही एकाच बाकाच्या दोन टोकांना बसलो होतो. समोर खिडकीच्या चौकटीत एक कुंभारीण माशी मातीचं घर बांधून राह्यली होती. ओल्या मातीची इवलीशी गोळी आणायची, लिंपायची, पुन्हा उडायची. मंग एकदा गेली ती बराच वेळ आलीच न्हाई. मला उगीच काळजी लागली (स्वतःच्या दाव्याची इतकी लागली नव्हती). तेवढ्यात बाजूनं आवाज आला, "आली." पाहतो तर भिवा! माझ्याही तोंडातून निघून गेलं, "आन अळी घेऊन आली." सात वर्षांनंतरचं आमचं हे पहिलं बोलणं. लगेच दोघंही गप्प झालो, जसं काही चोरी करताना सापडलो.

पण गप्प राहणं जमेना. भिवा म्हणाला, "त्या अळीचीच पुढं माशी होती. कुंभारीण तिच्यापाशी बसून गुणगुणती आन अळी बदलती. माझी आजी सांगायची." मी म्हणालो, "बिलकुल न्हाई. अळी म्हंजे पिल्लाची शिदोरी." त्यावरून अशी जुंपली (बांधावरून कधी जुंपली नव्हती) की शिपायाला येऊन गप्प करावं लागलं. परतताना वाद अर्धाच होता, म्हणून एसटीत मी त्याच्याच शेजारी बसलो.

भिवाच्या गोठ्यात आढ्याला असंच मातीचं घर होतं. ते पाहायला मी दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगणात गेल्तो. वहाणा काढायच्या निमित्तानं बाहेरच किती वेळ घुटमळलो. त्याच्या बायकोनं, इंद्रायणीनं, मला पाह्यलं, हातातलं सूप खाली ठेवलं आन आत गेली. वाटलं, काठी आणती. चहा घेऊन आली. "साखर कमीच घेता ना अजून?" एवढंच म्हणाली. दाजी, त्या 'अजून'वर मी बशीत तोंड खुपसलं. चहा गरम आहे म्हणून सांगितलं आन वेळ मारून नेली.

मंग उलथन्यानं ते घर अलगद काढलं. एक खोली फोडली, तर आत तीन हिरव्या अळ्या गुंगी आल्यासारख्या पडलेल्या, आन मधी एक पांढरा किडा. "पाह्य, बदलून राह्यली!" भिवा म्हणाला. "पाह्य, खाऊन राह्यला!" मी म्हणालो. दुसरी खोली न फोडता बरणीत ठेवली, तोंडाला फडकं बांधलं. एकमेकावर विश्वास नव्हता, म्हणून बरणी एक दिवस त्याच्याकडं, एक दिवस माझ्याकडं. ती पोचवायला रोज संध्याकाळी बांध ओलांडावा लागायचा. तेव्हा ध्यानात आलं, ज्याच्यावर सात वर्षं भांडलो तो बांध एका ढांगेत संपतो.

पुढच्या तारखेला बरणी घरी ठेवायला दोघांचाही जीव होईना, म्हणून संगंच घेऊन गेलो. व्हरांड्यात भिवा ओरडला, "निघाली, निघाली!" पाहतो तर कुंभारीण न्हाईच! हिरवीगार माशी, मोराच्या मानेवानी चमकणारी. आजीही हरली आन मीही हरलो. फडकं सोडलं तशी ती खिडकीतून भुर्रकन गेली आन आम्हाला हसू फुटलं. पुकारा झाला तरी दोघांच्या डोळ्यांतून पाणी. माझ्या वकीलबाई ज्योत्स्नाताईंना वाटलं, आम्ही रडून राह्यलो. त्यांनी हळूच विचारलं, "मिटवायचं का?" भिवा हो म्हणाला, आन मी मान हलवली. बांध आहे तिथंच राहील. त्यावरचं गवत एक वर्ष त्याच्या बैलांना, एक वर्ष माझ्या म्हशीला.

राग आला असंल तर तुमचा हक्कच आहे. ताईला नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
कडूबा

ता. क. – तुमची अर्पिता शाळेत विज्ञान शिकवती. तिला विचारून कळवा, कुंभारणीच्या घरातून हिरवी माशी निघालीच कशी? सोबत भिवानं काढलेलं चित्र जोडलं आहे (ते म्हशीचं वाटतं, पण माशीचंच आहे). भिवा इथं त्याच्याच ओसरीवर शेजारी बसलाय. तो म्हणतो, उत्तर जल्दी पाठवा.

आणखी एक – हे घरी येऊन लिहितो, भिवाला न सांगता. उत्तर जल्दी पाठवू नका. अर्पिताला म्हणावं, निवांत पुस्तकं चाळ, दिवाळीपर्यंत तर बिलकुल सापडू देऊ नको. उत्तर आल्यावर रोज संध्याकाळी भिवाकडं काय म्हणून जायचं, हे मला अजून सुचलेलं न्हाई.