क्लॅम्प सोडल्यावर

कांजूरमार्ग, रविवार

प्रिय बाबा,

नमस्कार. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मग आईच मध्ये बोलत बसते, म्हणून लिहितेय. मी मजेत आहे. वारा फिरला की डम्पिंगचा वास येतो, तेवढी खिडकी लावून घेते.

तुम्ही विचारलं होतं, माझं काम नक्की काय. सध्या आम्ही प्रवासी बोटीसाठी ॲल्युमिनियमचे पत्रे जोडतोय; जोड नीट होतायत का, ते मी बघते. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा ओढला जातो आणि तो ताण आतच राहतो. स्टीलसारखा भट्टीत तापवून नंतर काढायला जावं, तर ॲल्युमिनियमची ताकदच जाते. म्हणून आधीच जपायचं. मधून कडेकडे, थोडं थोडं, निवू देत जोडायचं.

मालक घाईत होते. त्यांनी आमच्या वेल्डरला, अल्पेशला, सगळी लांबी एका दमात जोडायला लावली. क्लॅम्पच्या पकडीत आवळलेला असेपर्यंत पत्रा सरळ दिसत होता. मी त्यात करवत घालून दाखवली. चीर मिटत गेली आणि पातं अडकलं. क्लॅम्प सोडले, तर पत्रा भाजलेल्या पापडासारखा वळला. असा पत्रा समुद्रात कधीतरी तडकणार, बोटीला लावायचा नाही, असं मी सगळ्यांसमोर म्हटलं.

मालक चिडले नाहीत. म्हणाले, "दमलीस गं तू. आता घरी आराम कर."

आईचा गुडघा कसा आहे? तिला माळ्यावर चढू देऊ नका. गणपतीची भांडी मी येऊन काढते. यंदा रजा मागावी लागणार नाही.

तुमची,
गंधाली