मैनेच्या गुडघ्यावरचा लाल दिवा

रहिमतपूर,
मार्गशीर्ष, १९९६

तीर्थरूप गोदाआक्का हिचे चरणी,

धाकट्या गंगाधरचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण एकदा आडवा झालो की उठवायला माणसं बोलवावी लागतात, म्हणून तो बसल्या जागेवरून मनाने घातला असे समजावे. इकडे सगळे खुशाल. लीलाचा खोकला गेला, माझं पोट होतं तिथंच आहे. सांगलीत थंडी पडली असेल तर नदीकडची खिडकी लावून घेत जा. अनीशला आणि सूनबाईंना आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. रविवारी अनीश जीप घेऊन मैनेला न्यायला येतोय हे वाचून आनंद झाला. (असं लिहायची पद्धत आहे.) तू दसऱ्याला अनीशच्या तिसऱ्या मजल्यावर राहायला गेलीस, मैना पहिल्याच जिन्यात बसली ती उठेना, म्हणून तू तुझी कुत्री माझ्याकडे धाडलीस. मिरजेच्या डॉक्टरांनी तुझ्या गुडघ्यांसाठी दिलेला शेकायचा लाल दिवाही तिच्याबरोबर दिलास. जिना चढायला लागली की परत पाठवायची असं ठरलं होतं. ते मी विसरलेलो नाही. म्हणूनच सविस्तर लिहितो, म्हणजे अनीशचं डिझेल वाचेल.

इथल्या जनावरांच्या डॉक्टरांनी मैनेचे सांधे दाबून पाहिले, तिने त्यांचा हात तोंडात धरून पाहिला, आणि दुखणं म्हातारपणाचं आहे असं ठरलं. रोज शेक द्या, दिवा हातभर लांब ठेवा, डोळ्यांवर उजेड पडू देऊ नका आणि खाणं निम्मं करा, असं ते म्हणाले. दुपारी आमच्याकडे वीज नसते, ती येते दिवेलागणीला. म्हणून ओसरीवर पोतं अंथरून मैनेला निजवलं, दिवा स्टुलाला बांधला, तिच्या डोळ्यांवर माझा मफलर गुंडाळला आणि मी माझा मोतीबिंदूच्या वेळचा काळा चष्मा चढवला. एवढ्यात लीला आतून आली, दिवा लागलेला दिसला आणि तिने हात जोडले. (जन्माची सवय. ट्यूब लागली तरी जोडते. मागे एकदा गल्लीत शिरलेल्या मोटारसायकलच्या दिव्यालाही जोडले होते.) त्यात वार रविवार, आणि नेमकी त्याच वेळी शेजारची बनाबाई दळणाचा डबा घेऊन समोरून चालली होती.

आता तिच्या बाजूने बघ. रविवारची सांज, ओसरीवर लाल उजेड, त्यात डोळे बांधून निश्चल पडलेलं कुत्रं, शेजारी काळा चष्मा लावून बसलेला मी आणि पुढ्यात हात जोडून उभी घरधनीण. खंडोबाशिवाय दुसरं कोणाला काय सुचणार? तिने डबा खाली ठेवला, पायरीला डोकं टेकवलं आणि मलाच झापलं, "आवं भावजी, देवाचं कुत्रं घरात हाय आन् तुमी इतकं दिस गप बसलाय व्हय?" मी तिला सांधेदुखी, शेक, मिरजेचे डॉक्टर, सगळं समजावलं. ती म्हणाली, "मग त्येच की! देवाबगार औषिद लागू पडतंय व्हय?"

दुसऱ्या दिवशी मैना भंडाऱ्याने पिवळी होती. त्यात चंपाषष्ठी आली. तुला माहीतच आहे, त्या दिवशी रोडगा आणि वांग्याचं भरीत आधी कुत्र्याला घालायचं. एरवी लोक दिसेल त्या कुत्र्याला घालतात, यंदा अख्ख्या गल्लीने पत्ता पाठ केला. मी पथ्याचं सांगत दारात उभा होतो, तर लोक माझ्या काखेखालून ताट सरकवत होते. मैनेने कोणालाही नाराज केलं नाही. माझ्या वाट्याचं भरीतसुद्धा लीलाने तिलाच वाढलं आणि वर, "तुमचं पोट बघा," म्हणाली.

मग लष्करातून पेन्शनीत आलेले लालासाहेब हवालदार पाटलोण गुडघ्यावर गुंडाळून हजर झाले. "उजेडात जरा आमचाबी पाय ऱ्हाऊ द्या की गड्या. परसाद म्हणून." देवाच्या उजेडाला नाही कसं म्हणणार? त्यांच्यामागून बनाबाईची सासू आली, तिच्यामागून पिठाच्या गिरणीवाला आला, आणि आठवडाभरात ओसरीवर गुडघेच गुडघे झाले, त्यातला एकही कुत्र्याचा नव्हता. दिवा ज्याच्याकडे वळेल तिकडे मैना बिचारी उठून फरफटत जायची. एकदा ती सरळ लालासाहेबांच्या मांडीवर जाऊन बसली. त्यांनी तो देवाचा कौल मानला आणि जेवायची वेळ झाली तरी हलले नाहीत. शेवटी मी चिडून दिवा उचलला आणि माडीवर नेऊन ठेवला. तेव्हापासून गर्दी कमी आहे आणि गल्लीत माझं नाव खराब आहे.

शिवाय मैना माझ्या पायांवर निजते, मला कूस बदलता येत नाही. माझ्या खुर्चीवर केस, धोतरावर केस, काल तर चहातही केस. तात्पर्य, उपाय फसला. मैनेला एकही पायरी चढता येत नाही हे मी शपथेवर लिहितो.

तुझा आज्ञाधारक,
गंगाधर

ता. क. तेव्हा अनीशला पाठवू नये. रस्ताही खराब आहे.

ता. क. २. हे पत्र मी माडीवर बसून लिहितो आहे आणि मैना माझ्या पायाशी आहे. दिवा वर आणला त्याच संध्याकाळी ती त्याच्या मागोमाग जिना चढून आली. मध्ये दोनदा बसली, पण आली. मला इतका आनंद झाला की लीलाला मोठ्याने हाक मारली, आणि मग आपलं ठरलेलं आठवून तोंड मिटलं. आक्का, तिला माझ्याकडेच राहू दे. नोकरी सुटल्यापासून मी उठलो की बरोबर उठणारं घरात दुसरं कोणी नाही.

ता. क. ३. वरचं पुन्हा वाचलं आणि लाज वाटली. कुत्री तुझी आहे. सांगलीची एसटी यायच्या वेळेला ती रोज दाराकडे तोंड करून बसते, हे मी मुद्दामच लिहिलं नव्हतं. तर रविवारी अनीशला पाठवच, मात्र जीपमध्ये तूही बस. मैना तुझे तीन मजले चढेल, पण आक्का, तू ते शेवटचे कधी उतरलीस? दिवा तिला देऊन टाकल्यावर तुझे गुडघे कसे आहेत, याबद्दल कार्डात एक अक्षर नाही. तू ये. आणि चार दिवसांची पिशवी आणू नकोस, ट्रंकच आण.