पहिल्या प्रसंगातला श्वास

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसायाने ध्वनिमुद्रक, आता निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, पुढच्या खोलीत बसून स्वहस्ते लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. मी शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझे यजमान हयात असताना त्यांनी आम्हा दोघांचे मिळून एक करायला घेतले होते. पण मसुद्यात 'आमच्या सुखी संसारात' असे शब्द आले आणि तिथे माझी सही अडली.

कलम १. हे घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर, मधला बोळ आणि बोळाच्या टोकाची अडगळीची खोली, माझ्या एकुलत्या एका मुलीला द्यावे. अट एकच. या घरात कोणत्याही चित्रपटाचे चित्रीकरण होऊ देऊ नये, तिच्या काकांच्या तर नाहीच नाही. माझ्यामागे घर वापरायला देईन असा शब्द तिने काकांना दिल्याचे मला ठाऊक आहे. तिचा दोष नाही. तिला लहानपणापासून जे सांगितले गेले ते तिने खरे मानले. म्हणून अटीचे कारण पुढच्या कलमात देत आहे. वकिलांनी ते गाळायला सुचवले. मी म्हटले, गाळायचेच तर बाकीचे गाळा.

कलम २. माझे यजमान कॅमेरामन होते. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे दीर, दिग्दर्शक. दिरांचा पहिला गुन्हेपट सुरू झाला तेव्हा स्टुडिओ मिळेना, म्हणून सुरुवातीचा प्रसंग आमच्या घरात घ्यायचे ठरले. तो प्रसंग पुष्कळांना तोंडपाठ आहे. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. एक अंधारा बोळ. कॅमेरा जमिनीलगत, कोणी पोटावर सरपटत निघाल्यासारखा. समोर बंद दार. जमिनीवर ठेवलेल्या दिव्याचा उजेड फक्त दाराच्या खालच्या भागावर पडलेला. कॅमेरा जवळ जातो तसा उजेड आक्रसत जातो आणि दाराआडून एका बाईचा श्वास ऐकू येऊ लागतो. शेवटी दार दिसेनासे होते, नुसता श्वास उरतो. मग एकदम सगळा पडदा पांढरा, आणि चित्रपटाचे नाव. खून नाही, रक्त नाही, माणूसही दिसत नाही. तरी लोक खुर्चीचे हात घट्ट धरून बसत.

तो श्वास माझा आहे, हे सर्वांना माहीत आहे. दिरांनी प्रत्येक मुलाखतीत सांगितले की वहिनींनी त्यासाठी आठवडाभर सराव केला. मी सराव केला नव्हता.

भर दुपार होती. खिडक्यांना काळे कापड ठोकून आम्ही रात्र केली होती. दीर म्हणाले, "वहिनी, माइक आतल्या खोक्यांच्या मागे टांगता का जरा?" ध्वनिमुद्रणाचे यंत्र बाहेर चालूच होते. मी आत गेले आणि त्यांनी बाहेरून कडी लावली. मला बंद जागा सोसत नाही, हे घरात सर्वांना ठाऊक होते. न्हाणीघराची कडीदेखील मी लावत नसे आणि त्यावरून सासूबाई चारचौघांत माझी थट्टा करीत. दिरांनी नेमके तेच हेरले होते.

पहिल्यांदा वाटले चुकून लागली. मी दार वाजवले, हाक मारली, "अहो, कडी काढा." बाहेर कोणी बोलेना. फक्त कॅमेऱ्याची घरघर. दाराखालच्या फटीतून उजेडाची एक रेघ आत येत होती. मी खाली बसून त्या रेघेला डोळे लावले. ती बारीक होत गेली. खिडकीबाहेर मुले चेंडू खेळत होती, कोणाचा तरी झेल सुटला म्हणून भांडत होती. ते ऐकून माझा धीर पुरता सुटला. इतक्या जवळ माणसे आहेत आणि कोणाला पत्ता नाही.

दार उघडले ते आमच्या लाईटवाल्याने. शॉट संपायच्या आधी दिव्यावरची झडप उघडून तो दिवा हातात घेऊन धावला, दिव्याचा झोत वळून थेट भिंगात गेला आणि पडदा पांढरा झाला. त्या पांढऱ्या चौकटींवर पुढे जाणकारांनी लांबलचक लेख लिहिले. त्या भल्या माणसाच्या हातून बिघडलेला शॉट आहे तो.

मी बाहेर आले तेव्हा हे कॅमेऱ्यामागे पालथेच पडलेले होते. मी विचारले, "माझी हाक ऐकू आली नाही तुम्हाला?"

हे म्हणाले, "शॉट चालू होता."

पुढच्या आठवड्यात ध्वनी जुळवायला मीच बसले. दुसरे कोण होते? हे शेजारी खुर्ची टाकून बसले, भाऊजी मागे उभे. मुलांचा खेळ मी काढून टाकला. तो राहिला असता तर प्रसंगच मेला असता, कारण बाहेर जग चालू आहे असे कळले की प्रेक्षकाची भीती निम्मी होते. आत कोंडलेल्या माणसाचे उलट असते. मग माझे शब्द कापले. 'अहो' कापला, 'कडी' कापली, श्वास तेवढे ठेवले आणि एकाला एक जोडले. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही कलाकार आहात." काम चोख झाले होते. मी पट्टी गुंडाळून डब्यात ठेवली.

त्यानंतर मला दुसरे काम मिळाले नाही. जो तो निर्माता तोच श्वास मागत आला. पावसाचे, बाजाराचे, यंत्रांचे आवाज टिपण्यात माझा हातखंडा होता. पण मी आयुष्य काढले ते काचेच्या बंद खोलीत माइकसमोर उभी राहून, घाबरल्यासारखा श्वास घेत. 'सारखा' हा शब्दही मी उदार होऊन लिहिते आहे.

मुलगी कळती झाल्यावर तिने चित्रपट पाहिला. घरी येऊन विचारले, "आई, तू खरंच घाबरली होतीस?" हे जेवत होते. त्यांचा हात ताटावरच थांबला. मी म्हटले, "नाही ग, ते काम होतं." तिने मैत्रिणींना अभिमानाने सांगितले. मग ते परत कसे फिरवायचे? मुली, आज फिरवते आहे.

कलम ३. यजमानांचे सर्व दिवे, तिपाया आणि बँकेतल्या मुदतठेवीचा निम्मा भाग वर उल्लेखिलेल्या लाईटवाल्याला द्यावा. दार उघडल्याबद्दल दिरांनी त्याला पुढच्या चित्रपटातून काढले. तो आता विजेच्या वस्तू दुरुस्त करतो. माझे मिक्सर, पंखे त्याच्याकडेच जातात. ह्यांनी त्याला हाताने 'उजेड अजून कमी कर' अशी खूण केली होती, आणि तीही माझी हाक ऐकल्यावर, हे मला त्यानेच सांगितले. सांगताना म्हणाला, "ताई, मला आधी वाटलं नाटक चाललंय. मग तुम्ही त्यांना 'अहो' म्हणालात. नाटकात कोण असं म्हणतं?" ठेवीचा उरलेला निम्मा भाग मुलीचा.

कलम ४. यजमानांना त्या प्रसंगासाठी मिळालेले मानचिन्ह मुलीने ठेवावे. वडील म्हणून ते चांगले होते. त्यांनी नंतर कधीही जमिनीवर दिवा ठेवून शॉट घेतला नाही, चांगली कामे सोडली, त्यावरून भावाशी बोलणेही कमी केले. ही माफी होती का, ते मला कळले नाही. तोंडाने त्यांनी ती कधी मागितली नाही.

कलम ५. माझी ध्वनिमुद्रणाची यंत्रे शिकणाऱ्या कोणाही मुलीला द्यावीत. मात्र यंत्रातली सर्वांत अलीकडची नोंद दिरांची आहे, ती त्यांना पोचती करावी. तिचा खुलासा असा.

गेल्या महिन्यात दीर काठी टेकत आले. जुना चित्रपट नव्याने स्वच्छ करून लावणार आहेत. म्हणाले, "वहिनी, श्वासाची पट्टी पार झिजली हो. पुन्हा द्या ना. पाच मिनिटांचं काम."

मी म्हटले, "देते. त्याच खोलीत घेऊ. माइक टांगलाय, तुम्ही आत उभे राहून आवाज घुमतो का तेवढं सांगा."

ते आत गेले. मी यंत्र सुरू केले आणि दाराला हात लावला. लोटले नाही. नुसता हात ठेवून उभी राहिले.

"वहिनी," ते म्हणाले, "दार."

"उघडं आहे की."

"हात काढा."

मी काढला नाही. यंत्रावर त्यांचा श्वास उमटू लागला. त्यांची काठी खोक्यांवर पडली. थोड्या वेळाने ते भिंतीला धरून बाहेर आले, पाणी प्यायले आणि चपला चुकीच्या पायांत घालून गेले. पुन्हा आले नाहीत.

ती नोंद उत्तम उतरली आहे. नव्या आवृत्तीत खुशाल वापरावी. फक्त श्रेयनामावलीत माझे नाव घालू नये. ज्याचा श्वास, त्याचे नाव.

कलम ६. हे मृत्युपत्र मी दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले. डॉक्टरांनी सही केली. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई म्हणाल्या, "मग इतकी वर्षं राहिलात कशाला, ताई? निघून जायचं होतं."

हे मुलगीही विचारील, म्हणून उत्तर लिहून ठेवते. निघाले होते. चित्रपट गाजत असताना, मुलगी आजीकडे होती तेव्हा, पिशवी भरून बसथांब्यापर्यंत गेले. तिथे एका अनोळखी बाईने मला मासिकातल्या फोटोवरून ओळखले. म्हणाली, "तुम्ही त्या श्वासवाल्या ना? जरा करून दाखवा ना." लोक गोळा झाले. मी करून दाखवला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात बस आली आणि गेली, आणि मी पिशवी उचलून घरी आले.

वरील मजकूर माझा असून तो मला मान्य आहे.

सही : (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार १ : डॉक्टर, कोपऱ्यावरचा दवाखाना. सही.
साक्षीदार २ : शिवणकाम करणारी शेजारीण. सही.

स्थळ : राहते घर, पुढची खोली
दिनांक : ९ मार्च, सकाळ