स्टेशनजवळची खोली

ईसाल्मी,
४ फेब्रुवारी १९६२

ती. ताइस्तोदादास,
केर्तूचा सा. न. वि. वि.

अखेर सिर्काच्या खुब्याच्या ऑपरेशनची तारीख आली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिला हेलसिंकीला मुलांच्या रुग्णालयात दाखल करायचं आहे. सहा वर्षांची झाली, पाऊल टाकायला लागल्यापासून लंगडतेय. आता एकदाचं होऊन जाऊ दे. पोरीचा बाप असून रेइनोला येता येणार नाही. दोन गाई विण्याच्या बेतात आहेत, गोठा कुणाच्या भरवशावर टाकणार? म्हणजे मी, सिर्का आणि धाकटी मार्युत एवढ्याच निघणार. मार्युतला दोन वर्षं झाली, तरी बाईसाहेब कडेवरून उतरायला तयार नाहीत.

नाताळच्या पत्रात तू लिहिलं होतंस, की तारीख आली तर आमच्याकडेच उतरा. छे छे, तुम्हाला कशाला त्रास? तुमच्या दोन खोल्या, त्यात गुनवोरवहिनीचं शिवणकाम पसरलेलं, वर आमची वरात. तू आपलं स्टेशनजवळ मुलाबाळांना चालेल असं एखादं हॉटेल बघून ठेव. सामान आणि पोरी घेऊन लांब जायला नको. हल्ली मला फार थकायला होतं, दादा. पाठ टेकली की उठावंसंच वाटत नाही.

वहिनीला नमस्कार. आहे तो लोभ आटू देऊ नकोस.
तुझी
केर्तू

हेलसिंकी,
११ फेब्रुवारी

चि. केर्तूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मी गुनवोरला वाचून दाखवलं. ती म्हणाली, नको म्हणतेय तर नको, पोरींना घेऊन मोकळेपणा हवा असेल तिला. तेव्हा तुझ्या मनाप्रमाणेच करायचं ठरवलं आणि जेवणाच्या सुट्टीत हॉटेलं बघायला निघालो. आयुष्यभर नकाशे काढत आलोय, त्यामुळे हॉटेलंही मोजूनमापून बघितली.

स्टेशनच्या अगदी समोर एक आहे, पण खाली वाद्यवृंद आणि टँगो. दारावरच्या माणसाला विचारलं, इथे मुलं चालतात का. तर म्हणाला, आमची ना नाही, पण मुलांनाच इथे करमत नाही. दुसऱ्याची लिफ्ट इतकी चिंचोळी, की तू आणि मार्युत वर गेल्यावर बॅगेला पुढच्या खेपेची वाट बघावी लागेल. तिसरं म्हणजे देवभक्तांचं वसतिगृह. तिथल्या मालकीणबाईंनी विचारलं, मुली रडतात का. मी म्हटलं, थोरली रडत नाही, धाकटीबद्दल मला अधिकृत माहिती नाही. त्यावर बाई म्हणाल्या, रडण्याला आमची हरकत नाही, फक्त सकाळच्या प्रार्थनेत रडू नये.

शोध चालू आहे. तू काळजी करू नकोस, नीट जेवत जा. पोरींना गोड पापा.
तुझा
ताइस्तो

ईसाल्मी,
१८ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून कितीतरी दिवसांनी हसले. मार्युत रडते, हे अधिकृत समज. प्रार्थनेच्या वेळी तर हमखास रडेल.

रुग्णालयाचं पत्र आलंय. आईला तिथे राहता येत नाही. भेट फक्त बुधवारी आणि रविवारी, दुपारी तासभर. लहान भावंडांना आत घेत नाहीत. तेव्हापासून डोक्यात एकच किडा: त्या तासाला मार्युतला ठेवू कुठे? सिर्का कधी माझ्यावाचून राहिलेली नाही. तिला मी सांगितलंय, की भेटीच्या वेळी दार उघडलं की सगळ्यांच्या आधी मी आत येईन. रोज झोपताना ती ते माझ्याकडून पुन्हा वदवून घेते.

हॉटेलात घटकाभर मूल सांभाळणारं कुणी असतं का, विचारशील? रेइनो विचारत होता, दादाच्या घराजवळ नाही का एखादं हॉटेल. मी म्हटलं, तू गप्प बस, दादाला काय ते कळतं.

तुम्हा दोघांची माया आहे, म्हणून एवढं लिहिते.
तुझी
केर्तू

हेलसिंकी,
२५ फेब्रुवारी

चि. केर्तूस,
अनेक आशीर्वाद.

रेइनोला सांग, आमच्या भागात हॉटेल नाही. मी दोन ठिकाणी चौकशी करून खात्री केली.

पण तुझं काम झालं! स्टेशनच्या बगलेतल्या शांत गल्लीत तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. लिफ्ट ऐसपैस, मार्युतसाठी कठड्याचा पलंग, तळघरात सॉना, सकाळी ओटची गरम लापशी. बूट काढून मी स्वतः पलंगावर पडून बघितलं, गादी बसकी नाही. खोल्या आवरणारी बाई प्रेमळ दिसली, भेटीच्या तासाला धाकटीला बघीन म्हणाली. रुग्णालयाच्या ट्रामचा थांबा जवळच आहे, सोबत नकाशा जोडलाय. मुलाबाळांच्या माणसाला याहून चांगलं हॉटेल स्टेशनजवळ नाही, हे मी छातीठोक सांगतो.

रविवारी तुम्हाला घ्यायला गाडीवर येतोच. येईपर्यंत सगळ्यांना सांभाळ.
तुझा
ताइस्तो

हेलसिंकी, हॉटेलमधून,
बुधवार, ७ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

एकाच शहरात बसून तुला पत्र लिहितेय, म्हणून हसू नकोस. फोन खाली काउंटरवर आहे, तिथला माणूस कान देऊन ऐकतो, आणि हे मला तोंडाने बोलता येणार नाही.

ऑपरेशन काल झालं. डॉक्टर म्हणाले, चांगलं झालं. आज पहिली भेट होती. ती प्रेमळ बाई कामावर आलीच नाही, तिला ताप आहे. वहिनीला फोन करायला खाली गेले होते, पण काय सांगणार? मीच नको म्हणून बसलेली. शेवटी मार्युतला कडेवर घेऊन ट्रामने गेले. दारावरच्या नर्सने अडवलं. मी पुन्हा विचारलंसुद्धा नाही. तासभर अंगणातल्या राडीत उभी होते. बाहेर पडताना शेजारच्या खाटेवरच्या मुलाची आई मला शोधत आली. सिर्का कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये आहे, दाराकडे बघत होती म्हणाली. रडली नाही. प्रत्येक बाई आत आली की मान उचलून बघायची.

दादा, हॉटेल चांगलं आहे. गादी चांगली आहे, लापशी चांगली आहे. रविवारी तू इथे टोपी हातात धरून उभा राहिलास, मला गरम पाण्याचा नळ दाखवलास, तू दमली असशील म्हणालास आणि गेलास. काही लागलं तर सांग, असं दारातून म्हणालास, आणि मी काही नको म्हटलं. तू माझ्याच आईच्या स्वयंपाकघरात वाढलास ना रे? आपल्याकडे पहिल्या हाकेला कॉफीच्या टेबलाशी कधी कोण गेलंय? पाहुणे दाराशेजारच्या बाकाला चिकटून नको नको म्हणत बसायचे, आणि आई तीनदा बोलवायची. तिसऱ्यांदा सगळे उठायचे. मी महिनाभर त्या बाकावर बसलेय, दादा. तू एकदाच बोलावलंस.

मला हॉटेल नको होतं. मला तुम्ही हवे होतात. मी फार दमलेय.
केर्तू

हॉटेलच्या काउंटरवरून,
शुक्रवार, ९ मार्च

चि. केर्तूस,

काउंटरवरचा माणूस म्हणतो, मायलेकी आत्ताच झोपल्यात, उठवू नका असं सांगितलंय. म्हणून इथेच उभ्याने खरडतोय.

पत्र काल आलं. गुनवोरने दोनदा वाचलं. ती समुद्राकाठच्या स्वीडिश बोलणाऱ्यांतली, त्यांच्यात नको म्हणजे नको. ती म्हणाली, तीनदा विचारायचं असतं हे लग्नाला बारा वर्षं झाली तरी मला सांगितलं नाहीस, मूर्खा. मला तर ठाऊक होतं, केर्तू. इतकी वर्षं सगळे पहिल्याच शब्दावर थांबतात अशा गावात राहिलो, आणि विसरलो.

आज दुपारी कामावरून उठून रुग्णालयात गेलो. नर्स म्हणाली, आज भेटीचा दिवस नाही. मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, नियम आहे. मी तिसऱ्यांदा विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि दार उघडलं, पाच मिनिटांसाठी. सिर्काने आधी माझ्यामागे कोण आहे ते बघितलं. मग विचारलं, आई हरवली का? मी तिला सांगितलं, आई दारापर्यंत आली होती, आणि चूक मामाची होती. ती म्हणाली, मग आता मामाने नीट करावं.

उठलीस की सामान बांध. मी खाली बाकावर बसून राहतो, तू येईपर्यंत हलणार नाही. गुनवोरने कापडं आवरून तुमच्यासाठी पलंग केलाय. तुला चालेल का, असं मी विचारतच नाहीये. रविवारी मार्युत तिच्यापाशी राहील, रडेल तेवढी रडू दे. दार उघडलं की सगळ्यांच्या आधी तू आत जा, दोन्ही हात रिकामे घेऊन.

तुझा
दादा