छोटं शीड की मोठं?

रविवार, संध्याकाळ

शिरीषच्या डोक्यात काहीतरी शिजतंय. आमच्या दोघांच्या होडीला पुढचं शीड नवीन घ्यायचंय आणि हा म्हणतो, छोटं घेऊ. शिरीष! इतकी वर्षं मोठ्यासाठी माझ्याशी भांडणारा.

मी म्हटलं, "अरे, सकाळी खाडीत वाराच नसतो. छोटं लावून काय झोपा काढायच्या?"

तर म्हणे, "वारा वाढला की मोठं आवरत नाही. छोटं एकट्याला झेपतं."

एकट्याला? कोणाला? मला बाजूला काढून एकटाच फिरणार की काय हा?

आणि ती घडी. कोलशेतच्या धक्क्यावरून जुनं छोटं शीड आणून सोसायटीच्या गच्चीवर पसरलं होतं. आवरताना आम्ही नेहमी दोघं दोन टोकं धरतो, चादरीसारखी. आज हा पाण्याच्या टाकीला टेकून उभा. "तू एकट्याने घाल घडी, बघू." परीक्षा घेतोय माझी? रागारागाने वाकडीतिकडी घातली. त्याने उलगडून पुन्हा घालायला लावली.

घरी येऊन हिच्यासमोर तणतणलो. ही बघतच राहिली. "तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी? ते दोघं मुलाकडे कॅनडाला चाललेत. कायमचे. त्यांच्या बायकोचा दुपारीच फोन आलेला."

म्हणजे तो एकटा मी.

गाढव कुठला. तोंडाने सांगायला काय झालं होतं? मोठंच घेणार मी. घडी घालायला ये म्हणावं.