छत ठीक होतं

अलास्का, २० जानेवारी १९९६

प्रिय बाबा,

जयभीम. सात वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट दोनदा उलटसुलट करून बघाल. मी बरी आहे. अमेरिकेच्या पार उत्तर टोकाला, जस्ताच्या खाणीत इंजिनिअर म्हणून आले. आपल्याकडे बाईला खाणीत उतरायला कायद्याने बंदी. इथे मी रोज उतरत आले. महिना झाला, सूर्य उगवलेला नाही, त्यामुळे वर काय आणि खाली काय, सारखंच. आम्ही दीडशे माणसं पत्र्याच्या खोल्यांत राहतो. मेक्सिकोचे, फिलिपिन्सचे, थोडे इथले. सहा आठवडे काम केलं की विमानाने दोन आठवडे सुट्टीवर. माझी न्यूयॉर्कजवळ जर्सी सिटीत भाड्याची खोली आहे.

दोन आठवड्यांपूर्वी सकाळी पहारीने छत ठोकून पाहिलं, तुम्ही कोळशाच्या खाणीत ठोकायचात तसंच. आवाज पोकळ आला. फोरमनला म्हटलं, माणसं बाहेर काढ. तो म्हणाला, “रोशनी, फक्त दोन तास. शिफ्ट संपवू, मग टेकू लावू.” मी मान डोलावली. बाबा, मी मान डोलावली! पाऊण तासात छत खाली आलं. फिलिपिन्सचा नेस्टर कमरेपर्यंत दगडांखाली. हातांनी उकरून त्याला काढलं. वर वारा असा, की विमान उतरेना. दोन दिवस मी त्याच्या उशाशी होते. शुद्धीवर आला की विचारायचा, “यू चेक्ड इट, राइट?” मी हो म्हणायचे.

त्यातच मॅनेजरने कागद पुढे केला : छत तपासलं होतं, ठीक होतं. माझा व्हिसा कंपनीच्या हातात. मी सही केली. आणि परत नेस्टरच्या उशाशी जाऊन बसले.

विमान आलं. नेस्टर वाचला, पाय गेला. सरकारी इन्स्पेक्टर चौकशीला आला, तेव्हा त्याला सगळं खरं सांगितलं. मग नेस्टरलाही, फोनवर. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग त्याने फोन ठेवला. माझी नोकरी गेली.

तुमच्या शिफ्टमधले अरुणकाका छताखाली दबून गेले, तेव्हा तुम्हीही अशाच कागदावर सही केलीत. मी तुम्हाला ‘विकला गेलेला माणूस’ म्हणाले आणि घर सोडलं. तशी सही कशी होते, ते आता कळलंय. माफ केलं असं लिहीत नाही. तो हक्क काकूंचा. नऊ फेब्रुवारीला मी चंद्रपूरला उतरते. स्टेशनवरून आपण दोघं आधी काकूंकडेच जाऊ. तुम्ही बोला, मी शेजारी बसेन. याल ना, बाबा?

तुमचीच,
रोशनी